दहावीनंतर पोरं कुठं जातात? झेडपी प्रशालेत आठवीपासून नेमकं काय करावं

बालाघाट_मास्तर
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यात झेडपीच्या प्रशालेवर आहे, आठवी ते दहावी गणित विज्ञान माझ्याकडं. पुण्याकडच्या लोकांना झेडपीचं हायस्कूल म्हणलं की नवल वाटतं, तिकडं सगळं संस्थांचं, आपल्याकडं मात्र प्रशाला अजून बऱ्याच आहेत. आता आमच्याकडं कोण येतं तर ज्याच्या बापाला तालुक्याच्या इंग्लिश मिडियमची फी झेपत नाही ते लेकरू. निम्म्याच्या वर घरं ऊसतोडीची.
निकाल आमचा वाईट नाही. पण जूनच्या पुढं काय होतं ते बघवत नाही. पोरं जिथं हजेरी विचारत नाहीत अशा कॉलेजला अकरावी आर्ट्सचा फॉर्म टाकतात आन सकाळी डांबरी रोडवर पळायला लागतात, भरती मारायची म्हणून. काही वाळूजच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं. पोरींचं तर अकरावीला नाव असतं आन घरात स्थळं बघायलेत. हुशार म्हणून ज्याच्यावर नजर होती ते एखादं लातूरला क्लासला जातं, तेही बापाकडं दोन एकर विकायला असलं तर.
आम्ही मार्गदर्शन करत नाही असं नाही. दरवर्षी जानेवारीत पाहुणे येतात, फ्लेक्स लागतो, मोठी स्वप्नं बघा म्हणतात, टाळ्या, चहा, फोटो ग्रुपवर, संपलं. पोरांना विचारलं काय कळलं तर म्हणतेत सर लै भारी बोलले.
यंदा मुख्याध्यापकांनी मला मोकळीक दिलीय, आठवीपासून तीन वर्षाचा काहीतरी धड कार्यक्रम बसव म्हणले. पैसा नाही, तास आहेत. ज्यांनी स्वतः यातून वाट काढली किंवा जे रोज अशी लेकरं बघतात त्यांनी सांगा, नेमकं काय करू. भाषण नको राव, काम सांगा.

तहसील_रोड
सर, माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे तहसीलच्या समोरच. करिअर वगैरे मला कळत नाही पण जून जुलैत माझ्या टेबलासमोर काय चालतं ते सांगतो. पाऊस चालू, बाप पिशवीत सगळी कागदं घेऊन उभा, रेशन कार्ड, टीसी, सातबारा, पोरगं मागं मान खाली घालून. मार्क ८८ टक्के. फॉर्मची मुदत उद्या. उत्पन्नाचा दाखला काढलेला नाही, नॉन क्रिमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उत्पन्न मर्यादेचा दाखला, गेल्या वर्षीचं हाय पण त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली, बापाला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याला मुदत असती. मी ऑनलाइन टाकतो, पण पुढं ते साहेबाच्या लॉगिनला जातं आन तिथं त्याच्यासारखेच शेकडो. मग काय, ओपनमधून भर बाबा. ज्या सीटवर हक्क होता ती गेली.
म्हणून माझं एकच म्हणणं, कागदं नववीतच. त्यातपण सगळ्यात आधी नाव. टीसीवर बापाचं नाव ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर, बँकेत तिसरंच, असलं प्रकरण रोज येतंय. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती पोरगं शाळेत असेपर्यंतच सोपी, दहावीच्या बोर्डाचा फॉर्म गेला की मग बोर्डाच्या ऑफिसचे हेलपाटे. तुम्ही नववीच्या वर्गात एकदा आधार आन जनरल रजिस्टर शेजारी ठेवून मिळवून बघा, किती निघतात ते कळंल.
दुसरं, जात पडताळणी. हे बारावीनंतर इंजिनिअरिंग, मेडिकलला लागतं आन सगळ्यात जास्त वेळ हेच खातं. पुरावा जुना मागतात, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला म्हणजे भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. लोक खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, शोधत फिरतात, उर्दूतली कागदं घेऊन वाचणारा हुडकतात. आन बऱ्याचदा आज्याची, चुलत आज्याची नोंद तुमच्याच शाळेच्या कपाटात पडून असती, प्रवेश निर्गमच्या जुन्या रजिस्टरात. ते रजिस्टर वाळवीनं खायच्या आत फोटो काढून ठेवा सर, गावावर उपकार होतील.

पाटोद्याचे_गुरुजी
बत्तीस वर्षं झेडपीत काढली, आता निवृत्त. वरचं सगळं खरं आहे, पण मास्तर एक विचारतो, रागावू नका. तुमच्या आठवीत किती लेकरांना तीन अंकी संख्येला दोन अंकीनं भागता येतं? अपूर्णांकाची बेरीज? मराठी धडा न अडखळता वाचून त्यात काय म्हणलंय हे आपल्या शब्दात सांगता येतं? येत नसलं तर दाखले काढून त्याला कुठं पाठवणार, पहिल्या सेमिस्टरला परत येईल. आधी वर्ग, मग करिअर. शाळा भरायच्या आधी पाऊण तास घ्या, पुस्तक बाजूला ठेवा, पाढे, अपूर्णांक, शेकडेवारी, आन रोज पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायची. वर्षभर. त्याला पैसा लागत नाही, मास्तर वेळेवर यावा लागतो.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
गुरुजी बरोबर बोलले. मी आयटीआय फिटर, अप्रेंटिस केलं, आता टूलरूममधी आहे. पहिल्या दिवशी हातात व्हर्नियर दिलं, लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं अधिक उणे ०.०५. ज्याला दशांश कळत नाही त्याला तो जॉब पास का रिजेक्ट हे सांगताच येत नाही, मग त्याला माल उचलायलाच ठेवतात, वर्षानुवर्षं. सोबतचे दोघं तिघं असे बघितलेत, हुशार होते, पण पॉइंटच्या पुढचं वाचता येत नव्हतं.
सर तुम्ही म्हणलात काही पोरं ठेकेदाराकडं जातात. ह्यात काय फरक आहे ते पोरांना फळ्यावर मांडून दाखवा. ठेकेदाराकडं गेलेलं पोरगं सात महिन्यानं ब्रेक, परत दुसरा ठेकेदार, अंगावरचा ड्रेस बदलतो पण काम तेच, हेल्पर. आयटीआय करून, कायद्यानं जी अप्रेंटिसशिप असती ती पुरी केलेल्याकडं केंद्राचं सर्टिफिकेट असतं, ते रेल्वेला चालतं, महावितरणला चालतं, कुठं पण. दोन वर्षाच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे तर आमच्या बॅचमधी कुणाला माहीतच नव्हतं, मला सुपरवायझरनं सांगितलं. दहावी नापास झालेल्याला पण वेल्डर, वायरमनसारखे ट्रेड आहेत, त्यामुळं नापास झालं म्हणून लगेच कोयता हातात द्यायची गरज नाही.
आन छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची, चिकलठाणा एमआयडीसीत. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे कारखान्यातले साचे बनवायचा, डिप्लोमा आहे तिथं, एन्ट्रन्स असती. गावाकडं विचारा, दहातल्या नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं. शेंद्रा बिडकीनला आता ऑरिक औद्योगिक शहरामधी मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्या येणार म्हणून बातम्या चालू आहेत, जमिनी आपल्याच लोकांच्या गेल्या, निदान डाय बनवणारं पोरगं तरी आपल्यातलं असावं का नाही.
सहल काढताच ना? वेरूळ दौलताबाद करता तर त्यातच अर्धा दिवस आयटीआयचं वर्कशॉप ठेवा. पण डिसेंबरात न्या, मशीन चालू असताना. जूनमधी नेलं तर कुलूप आन रांग दिसती फक्त.

खाकी_स्वप्न
भरतीला नावं ठेवू नका राव 😄 गरिबाच्या पोराला बिना डोनेशनची तीच एक नोकरी. माझा भाऊ लागला. पण सरांचं बरोबर आहे की पळून पळून पोरं म्हातारी व्हायलेत. कारण ग्राउंड ५० मार्कांचं, १६०० मीटर, १०० मीटर, गोळा, आन लेखी १०० ची. लेखीत काय तर गणित, बुद्धिमत्ता, व्याकरण, जीके. सगळी तिथंच गळतात. म्हणजे गुरुजींचा पाऊण तास इथं पण लागतोयच. शिवाय बारावी पास लागतं, तर ती बारावी नीट करा ना, आर्ट्स असली तरी वर्गात बसून करा.

नांदेडची_सिव्हिल
सर मी परभणी जिल्ह्यातल्या झेडपी शाळेची, दहावीपर्यंत तिथंच. नंतर शासकीय पॉलिटेक्निकला सिव्हिल आणि आता डायरेक्ट सेकंड इयरमधून नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी इंजिनिअरिंगला आहे. मुलींबद्दल थोडं सांगते कारण वर कुणी बोललं नाही.
माझ्याबरोबरच्या मैत्रिणी अकरावीला गेल्या कारण बस. मानव विकासची निळी बस कॉलेजच्या गावापर्यंत जाते, पास फुकट, संध्याकाळी घरी. बारावीनंतर ती सोय संपते आणि तिथंच शिक्षण पण संपतं. पॉलिटेक्निकला होस्टेल असतं पण घरचे म्हणतात पोरीला एवढ्या लहान वयात बाहेर कसं ठेवायचं. आमच्या मॅडमनी काय केलं, वडिलांना समजावत बसल्या नाहीत, आईला आणि अजून दोघींच्या आयांना घेऊन होस्टेल दाखवायला गेल्या. आई मेसमधे जेवली, रेक्टर मॅडमशी बोलली, खोलीला आतून कडी नीट लागते का ते स्वतः लावून बघितलं. नंतर घरात माझ्या बाजूनं भांडायला आईच होती, मला काही बोलावंच लागलं नाही.
फीचं पण सांगा आईवडिलांना. ८ जुलै २०२४ च्या जीआरनं आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर ओबीसी, एसईबीसी (मराठा), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) च्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी निम्मी होती. पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रवेश फेरीतून, ॲडमिशन असेल तरच, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. आणि मेस, होस्टेल, बाकीचं लागतंच, सगळं फुकट असं सांगू नका नाहीतर नंतर घरचे म्हणतात मास्तरनं फसवलं.
डिप्लोमाला सीईटी नाही, दहावीच्या मार्कांवर कॅप राउंड होतात. त्यातला ऑप्शन फॉर्म कॅफेवाल्याच्या हातात देऊ नका प्लीज. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की ती सीट घ्यावीच लागते, पुढच्या राउंडला जाता येत नाही, आणि आमच्या गावातल्या एकीचा पहिला नंबर कॅफेवाल्यानं त्याच्या ओळखीच्या कॉलेजला टाकून दिला होता. शाळेच्या कॉम्प्युटरवर पोरींना स्वतः भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी थांबा.
इंग्रजीचं टेन्शन सगळ्यांना असतं. पहिल्या सेमला मला सर काय म्हणतात ते अंदाजानं कळायचं पण हात वर करून विचारता येत नव्हतं, ते जास्त जड गेलं. डिप्लोमाला आता मराठी इंग्रजी दोन्हीतून शिकता येतं तरी पुस्तकं इंग्रजीतच जास्त. तुम्ही नववी दहावीला विज्ञानाच्या वहीच्या मागं दोन्हीकडचे शब्द लिहून घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाकडून एक प्रश्न इंग्रजीत विचारून घ्या, चुकला तरी. उत्तर नाही, प्रश्न.

धारूर_घाट
सगळे दहावीबद्दल बोलायलेत, मला वाटतं खरा कट आठवीत पडतो. सर तुम्हाला एनएमएमएस शिष्यवृत्ती माहीत असणारच, बाकीच्यांसाठी सांगतो. आठवीत परीक्षा, सरकारी, झेडपी, अनुदानित शाळेच्याच लेकरांना, पालकाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत. पास होऊन मेरिटमधी आलं की नववी ते बारावी महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,०००, चार वर्षाचे ४८,०००. राज्याला कोटा ११,६८२ चा. पुढं दहावीला ६० टक्के पाहिजेत नाहीतर बंद होती, एससी एसटीला ५५. मराठा कुणबी लेकरू परीक्षा पास झालं पण मेरिट यादीत आलं नाही तर सारथी या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती वर्षाला ९,६०० ची आहे, तीही बारावीपर्यंत.
आता अडचण बघा. परीक्षा असती साधारण डिसेंबरात. आन आपल्याकडं दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात, दिवाळीनंतर गाव ओस. आठवीचं पोरगं त्या टायमाला कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात फडात, बापाची उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, फेडायला मोळ्या बांधतंय. फॉर्म भरलेला असतो, हॉल तिकीट शाळेच्या टेबलावर पडून. मी शिक्षकच आहे शेजारच्या तालुक्यात, म्हणून सांगतो, आमच्याकडं ज्या वर्षी हंगामी वसतिगृह, म्हणजे आई बाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवायची सोय, वेळेवर चालू होतं त्या वर्षी पोरं परीक्षेला बसतात, नाही झालं तर नाही बसत, एवढा सरळ हिशोब आहे. म्हणून ऑगस्टमधीच आजी आजोबा गावात राहणार का, कोणाकडं ठेवणार, हे घरोघर जाऊन विचारून घ्या, प्रस्ताव तेव्हाच द्या. नववी दहावीच्या पोरांसाठी तालुक्याला संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत ऊसतोडवाल्यांच्या लेकरांसाठीच, तिथल्या जागेचं आधी बघून ठेवा, त्यासाठी आई बापाची कामगार म्हणून नोंदणी लागती, ग्रामसेवकाकडून ओळखपत्र काढून घ्या. पैसा आला की पोरगं टिकतं, कारण घरात त्याचं वजन वाढतं. बाप म्हणतो हे शाळेतून कमवायलंय.
आन परीक्षेत बुद्धिमत्तेचे ९० आन विषयाचे ९० प्रश्न असतात. वर खाकी भाऊ म्हणले ना लेखीत पोरं गळतात, तीच बुद्धिमत्ता इथं आठवीत चालू होती. दोन पक्षी.

बालाघाट_मास्तर
सगळ्यांचे आभार, खरंच एवढं अपेक्षित नव्हतं. गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटते, वर्गातल्या निम्म्यांना भागाकार येत नाही, पाऊण तास सोमवारपासून चालू करतो. धारूर घाट सर, वसतिगृहाच्या प्रस्तावाचा नमुना असला तर मेसेज करा. नांदेडच्या ताई, आयांना न्यायची कल्पना आमच्या बाईंना सांगितली, त्या लगेच तयार झाल्या, गाडीभाड्याचं बघावं लागंल.
सायन्सला जाणाऱ्या चार दोन पोरांचं काय करावं हे राहिलं. लातूर परवडत नाही, आन नाही गेलं तर काहीच होत नाही असं पालकांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

नांदेडची_सिव्हिल
सर लातूरला न जाता पण होतं, कठीण आहे पण होतं. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीची असतील तर महाज्योती या सरकारी संस्थेचं जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन कोचिंग आहे, टॅब आणि रोजचा डेटा पण देतात, दहावीच्या निकालानंतर जाहिरात येते ती बघत राहा, नॉन क्रिमीलेअर लागतंच. आणि पालकांना हे सांगा की एमएचटी सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचा फक्त २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के भाग असतो, गणित सोडून बाकीचा पेपर मराठीतून पण देता येतो. नीट सुद्धा मराठीतून देता येते. बीएस्सी ॲग्री पण सीईटीवरच आहे, परभणीचं कृषी विद्यापीठ आपल्या दारात. सगळ्यांनी डॉक्टरच व्हायचं असं धरून बसलं तर मग लातूरच दिसणार.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
सर सहलीचं नक्की झालं तर इथं टाका, आमच्या कंपनीतली दोघं तिघं बीडकडचीच आहेत, सुट्टी बघून वर्कशॉपला येतील पोरांशी बोलायला. फ्लेक्स लावू नका फक्त.

बालाघाट_मास्तर
नाही लावत 🙏 तहसील रोड भाऊ, एक राहिलं. चाळीस पन्नास पालकांना दाखल्यासाठी तालुक्याला आणायचं म्हणजे प्रत्येकाचा रोज बुडतो. शाळेतच काही करता येतं का?

तहसील_रोड
येतं की. महाराजस्व अभियानात शाळेत शिबिर घेऊन दाखले द्यायची सोय आहे. मुख्याध्यापकाच्या सहीचं पत्र तहसीलदार साहेबांच्या नावानं द्या, सोबत पोरांची यादी जोडा, कुणाला कोणता दाखला पाहिजे ते नावासमोर लिहा, म्हणजे साहेब नाही म्हणत नाहीत. तलाठी त्या दिवशी हजर पाहिजे हे पत्रातच लिहा, नाहीतर उत्पन्नाचा तलाठी अहवाल राहतो आन सगळं तिथंच अडतं. तारीख सप्टेंबरातली धरा, गाड्या लागायच्या आधी. स्कॅनर आन लॅपटॉप मी घेऊन येतो, लाइटचं तेवढं तुम्ही बघा, तुमच्याकडं दुपारी लोडशेडिंग असतंय.